मोटारीतील गारव्याची नाडीपरीक्षा

मे महिन्यातील गोष्ट. आमचे एक शेजारी आपल्या वृद्ध आईला घेऊन तुळजापूरहून सोलापूरला परतत होते. अंतर अवघे ४५ किलोमीटर. बाहेर ४२ अंश सेल्सिअस तापमान, पण मोटारीतील वातानुकूलन यंत्र सुरू असल्यामुळे आत सुखद गारवा होता. गाडी सोलापुरात शिरली, वाहनांच्या गर्दीत अडकली आणि यंत्राच्या जाळीतून येणारी गार हवा पाहता पाहता कोमट झाली. काचा बंद, वरून ऊन आणि पुढे वाहनांची रांग. सात रस्त्याच्या चौकापर्यंत पोहोचेतो आजींना घाम फुटून भोवळ आली. काचा खाली करून, त्यांना सावलीत नेऊन, पाणी पाजून आणि ओल्या पंचाने अंग पुसून घेतल्यावर त्यांना बरे वाटले. पण त्या अर्ध्या तासाने घरातील सर्वांचा जीव टांगणीला लागला होता.

हा प्रकार पहिल्यांदाच घडत होता असे नव्हे. आधीच्या पंधरवड्यात दोनदा गाडी दाखवून झाली होती. दोन्ही वेळा "गॅस कमी झालाय" असे सांगून गॅस भरण्यात आला होता आणि दोन्ही वेळा पैसे गेले होते. दुखणे मात्र जिथल्या तिथे!

मग गाडी एका जुन्या, अनुभवी मिस्त्रींकडे नेली. शेजाऱ्यांचा नववीत शिकणारा मुलगा आणि मी, दोघेही बरोबर होतो. त्या सकाळी आम्ही जे पाहिले ते विज्ञानाच्या तासाला शोभेल असे होते. म्हणूनच ते येथे सांगत आहे. पण दोष शोधायचा तर आधी यंत्राचे काम समजले पाहिजे. तेव्हा प्रथम थोडी उजळणी करू.

गारवा कोठून येतो?

मनगटावर स्पिरिटचा एक थेंब टाका आणि फुंकर घाला. तेथे गार वाटते. स्पिरिटची वाफ होण्यासाठी उष्णता लागते आणि ती उष्णता आपल्या कातडीतून घेतली जाते. माठातले पाणी गार होते तेही याच कारणाने. द्रवाचे वाफेत रूपांतर होताना जी उष्णता तापमान न वाढवता शोषली जाते, तिला आपण अप्रकट उष्णता म्हणतो. उलट, वाफेचा पुन्हा द्रव होताना तितकीच उष्णता बाहेर टाकली जाते.

आता दुसरी गोष्ट. पाणी १०० अंशांना उकळते असे आपण पाठ केलेले असते. पण ते समुद्रसपाटीवरील हवेच्या दाबाला. दाब कमी केला तर पाणी कमी तापमानाला उकळते आणि दाब वाढवला तर जास्त तापमानाला. प्रेशर कुकरमध्ये डाळ लवकर शिजते ती म्हणूनच.

करून पाहा: सुई नसलेली प्लॅस्टिकची पिचकारी घ्या. शिक्षकांच्या देखरेखीखाली तिच्यात सुमारे ६० ते ७० अंशांचे थोडे गरम पाणी ओढा. आतली हवा काढून टाका, तोंड बोटाने घट्ट बंद करा आणि दट्ट्या मागे खेचा. पाण्यात बुडबुडे उठून ते उकळू लागेल. विस्तव नाही, चूल नाही, तरी पाणी उकळले! दाब कमी होताच उत्कलनबिंदू खाली आला.

मोटारीतील वातानुकूलन म्हणजे या दोन गोष्टींची सांगड होय. पाण्याच्या जागी एक असा पदार्थ घ्यायचा की जो हवेच्या साध्या दाबाला शून्याखाली २६ अंशांना उकळतो. त्याला प्रशीतक म्हणतात. गॅरेजमधील भाषेत तोच 'गॅस'. सध्या आपल्याकडील बहुसंख्य गाड्यांत आर-१३४ए नावाचे प्रशीतक असते. त्याचा दाब आणि उत्कलनबिंदू यांची जोडी अशी आहे. दाबमापकावर २८ पौंड (म्हणजे दर चौरस इंचास २८ पौंड) असताना ते ० अंशाला उकळते, ९७ पौंडांना ३० अंशांना, १७६ पौंडांना ५० अंशांना आणि २३० पौंडांना ६० अंशांना. ही जोडी लक्षात ठेवा. पुढील सारा तपास तिच्यावरच उभा आहे.

एका फेरीची हकीकत

हे प्रशीतक बंद नळ्यांतून सतत फिरत असते. त्याच्या वाटेवर चार मुख्य ठाणी आहेत.

पहिले ठाणे म्हणजे बाष्पक. मिस्त्री लोक याला कूलिंग कॉइल म्हणतात. डॅशबोर्डच्या आत दडलेल्या या जाळीदार भागात दाब ३० ते ४० पौंडांच्या आसपास असतो. त्यामुळे प्रशीतक तेथे २ ते ७ अंशांना उकळते. ब्लोअर, म्हणजे आतला पंखा, गाडीतली गरम हवा या जाळीवरून ढकलतो. हवेतील उष्णता घेऊन प्रशीतकाची वाफ होते आणि हवा गार होऊन आपल्या तोंडावर येते.

दुसरे ठाणे कॉम्प्रेसर. इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा हा पंप वाफ ओढून घेतो आणि तिला दाबतो. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम होते, तशीच ही वाफही दाबल्याने चांगलीच तापते.

तिसरे ठाणे कंडेन्सर. गाडीच्या अगदी समोर, रेडिएटरच्या पुढे ही दुसरी जाळी असते. येथे तापलेली वाफ आपली उष्णता बाहेरच्या हवेला देते आणि तिचा द्रव होतो. सोलापुरात बाहेरची हवाच ४२ अंशांची असेल तर तिला उष्णता कशी देणार? उष्णता आपण होऊन वाहते ती गरमाकडून गाराकडे. म्हणून कंडेन्सरमधील प्रशीतक ४२ अंशांपेक्षा बरेच गरम, म्हणजे सुमारे ६० अंशांचे असावे लागते. त्यासाठी दाब हवा २३० पौंडांच्या आसपास. कॉम्प्रेसर एवढी मेहनत करतो ती याचसाठी.

पुढे हा द्रव ड्रायरमधून जातो. तेथे ओलावा शोषणारे दाणे असतात. चौथे आणि शेवटचे ठाणे म्हणजे एक्सपान्शन व्हॉल्व्ह, अर्थात प्रसरण झडप. तिच्या बारीक छिद्रातून जाताच दाब एकदम उतरतो, प्रशीतक थंडगार होते आणि पुन्हा बाष्पकात शिरते. फेरी पूर्ण झाली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे यंत्र गारवा 'तयार' करीत नाही. गाडीच्या आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकणारा तो हमाल आहे. तेव्हा गारवा येत नसेल तर प्रश्न दोनच. उष्णता उचलली जात नाही, की उचललेली उष्णता टाकली जात नाही?

लक्षणांचे बोलणे

चांगला वैद्य औषध देण्याआधी रोग्याला चार प्रश्न विचारतो. मिस्त्रींनीही बॉनेट उघडण्याआधी तेच केले.

"हवा जोरात येते का? "

"येते," शेजारी म्हणाले.

"रस्त्याला गाडी पळते तेव्हा गार, आणि उभी राहिली की गरम. असंच ना? "

"अगदी तसंच."

"इंजिनाचा काटा वर चढतो का? "

"नाही. तो जागेवरच असतो."

"गॅस भरल्यावर फरक पडला होता? "

"पहिल्या वेळी दोन दिवस बरं वाटलं. मग पुन्हा तेच."

"ते दोन दिवस कसे होते? "

यावर मुलगा पटकन म्हणाला, "काका, वळवाचा पाऊस झाला होता तेव्हा. हवा गार होती."

मिस्त्री हसले. "बघा. गुण पावसाचा आणि पैसे गॅसला."

या एका वाक्यात फार मोठा धडा आहे. एका गोष्टीमागून दुसरी घडली म्हणजे पहिलीमुळेच दुसरी घडली असे होत नाही. त्या वेळी आणखी काय बदलले होते, हे विचारल्याशिवाय प्रयोगाचा निष्कर्ष काढू नये.

तीन संशयित

गाडी पळताना गार आणि उभी असताना गरम, हे लक्षण तीन वेगवेगळ्या दोषांत दिसू शकते.

पहिला संशयित: गॅस कमी असणे. गॅस थोडा असेल तर इंजिन मंद फिरताना गारवा तोकडा पडतो.

दुसरा संशयित: कॉम्प्रेसर झिजलेला असणे. गाडी उभी असताना इंजिन मंद चालते आणि त्याच्यावरचा कॉम्प्रेसरही मंद फिरतो. झिजलेला पंप मंद फिरला की पुरेसा दाब निर्माण होत नाही.

तिसरा संशयित: कंडेन्सरला हवा न मिळणे. गाडी पळताना समोरून वारा आपोआप लागतो. उभी असताना हे काम पुढच्या पंख्याने करायचे असते. पंखा बंद असेल किंवा जाळी धुळीने बुजली असेल तर उष्णता बाहेर पडत नाही.

लक्षण एक आणि कारणे तीन! आता यांतले खरे कोणते हे ओळखायचे कसे? तिघांपैकी एकालाच लागू पडेल अशी कसोटी शोधली पाहिजे.

मिस्त्रींनी पहिली कसोटी कोणत्याही उपकरणाशिवाय घेतली. गाडी उभी ठेवून त्यांनी इंजिनाचा वेग वाढवला. कॉम्प्रेसर झिजलेला असता तर वेगात फिरल्यावर गारवा वाढला असता. पण हवा आणखीनच गरम झाली. याचा अर्थ उष्णता अधिक उचलली जात होती, पण ती बाहेर टाकण्याची सोय नव्हती.

दुसरी कसोटी दाबमापकाची. यात दोन घड्याळे असतात. निळे कमी दाबाच्या बाजूला आणि तांबडे जास्त दाबाच्या बाजूला जोडतात. ही घड्याळे म्हणजे या यंत्राची नाडीच. ती कशी वाचावी हे थोडक्यात पाहू.

– दोन्ही काटे नेहमीपेक्षा खाली: गॅस कमी, बहुधा कोठेतरी गळती.

– निळा वर आणि तांबडा खाली: कॉम्प्रेसर कमजोर. ओढायची ताकद नाही आणि दाबायचीही नाही.

– दोन्ही काटे बरेच वर: कंडेन्सर थंड होत नाही, किंवा गॅस जास्त भरला आहे, किंवा नळ्यांत हवा शिरली आहे.

– निळा फारच खाली, जवळजवळ निर्वातापर्यंत: वाटेत अडथळा, बहुधा झडप अडकलेली किंवा बुजलेली.

– दोन्ही काटे सारखेच, यंत्र चालू असूनही: कॉम्प्रेसर फिरतच नाही. पट्टा, विद्युत क्लच, फ्यूज आणि दाबाचा स्विच तपासावा.

आमच्या गाडीत निळा काटा ६० पौंडांवर होता, आणि तांबडा चढत चढत ३५० च्या पलीकडे गेला. म्हणजे कंडेन्सरमधील प्रशीतक ७८ अंशांच्या घरात पोहोचले होते! दाब असाच वाढत गेला तर सुरक्षेसाठी बसवलेला स्विच कॉम्प्रेसरच बंद करतो. चौकात हवा एकदम गरम का होई, याचा उलगडा येथे झाला. गॅस कमी असता तर काटे खाली असते. पहिला संशयित निर्दोष सुटला. कॉम्प्रेसर झिजलेला असता तर तांबडा काटा इतका वर चढलाच नसता. दुसराही सुटला.

तिसरी कसोटी सर्वांत सोपी आणि सर्वांत सुंदर. मिस्त्रींनी बादलीभर पाणी घेतले आणि कंडेन्सरच्या जाळीवर हळूहळू शिंपडले. तांबडा काटा डोळ्यांदेखत घसरत सव्वादोनशेपर्यंत आला आणि आतली हवा गार झाली! जे काम वाऱ्याने करायला हवे होते ते क्षणभर पाण्याने केले. दोष कंडेन्सर थंड होण्यात आहे हे सिद्ध झाले.

पंखा का फिरत नाही?

बॉनेटखाली पाहिले तर दोन पंखे होते. एक रेडिएटरसाठी आणि एक कंडेन्सरसाठी. पहिला योग्य वेळी फिरत होता. म्हणूनच इंजिनाचा काटा जागेवर राहिला होता. दुसरा मात्र निश्चल होता.

"मोटर जळली असेल," शेजारी म्हणाले. "नवी टाकून द्या."

"थांबा साहेब. आधी तिला विचारू," असे म्हणून मिस्त्रींनी बॅटरीपासून दोन तारा थेट पंख्याला जोडल्या. पंखा सुरळीत फिरू लागला. मोटर चांगली होती. म्हणजे वीज मोटारीपर्यंत पोहोचतच नव्हती. फ्यूज काढून पाहिला, तो शाबूत होता. राहिला रिले, म्हणजे लहान प्रवाहाने मोठा प्रवाह जोडणारा विद्युतचुंबकी स्विच. त्याच ठेवणीचा रिले हॉर्नसाठीही होता. दोघांची अदलाबदल केली. पंखा फिरू लागला आणि हॉर्न मुका झाला! दोष रिलेमध्ये होता यासाठी आणखी पुरावा कशाला हवा?

आगपेटीएवढा भाग. त्याची किंमत एकदा गॅस भरण्याच्या खर्चापेक्षा कितीतरी कमी.

काम येथे संपले नाही. कंडेन्सरच्या जाळीत बोटाने ओढून काढावा इतका राखाडी थर बसला होता. ही गाडी दिवसभर अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत, यंत्रमागाच्या शेडजवळ उभी असे. चादरी आणि टॉवेल विणताना उडणारे सुताचे बारीक तंतू आणि उन्हाळ्याची धूळ, यांची गोधडीच त्या जाळीवर विणली गेली होती. पाण्याच्या हलक्या धारेने, पाती न वाकवता, ती धुऊन काढण्यात आली.

गॅस किती, हे दाबावरून का कळत नाही?

मग मुलाने एक मार्मिक प्रश्न विचारला. "काका, आधीच्यांनी यंत्र बंद असताना दाब पाहिला होता आणि कमी आहे म्हणाले होते. तो पाहून गॅस किती आहे हे कळतं का? "

मिस्त्री म्हणाले, "बाळ, घरच्या गॅसच्या टाकीचं काय असतं? अर्धी असो की पाव, शेगडीची ज्योत तेवढीच ना? "

हे उत्तर भौतिकशास्त्राला धरून आहे. बंद भांड्यात द्रव आणि त्याची वाफ एकत्र असतील, तर वाफेचा दाब केवळ तापमानावर ठरतो, द्रव किती आहे यावर नाही. सकाळी २८ अंश तापमान असताना बंद यंत्रात सुमारे ९० पौंड दाब दिसेल. आत ३०० ग्रॅम असो वा ६००, काटा तोच! काटा त्याहून बराच खाली असेल तर मात्र आत द्रवाचा थेंबही उरलेला नाही, एवढे निश्चित सांगता येते.

म्हणून गॅस भरण्याची खरी रीत वजनाची आहे. बॉनेटच्या आतल्या बाजूस बहुधा एक चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावर प्रशीतकाचे नाव आणि ग्रॅममधील वजन छापलेले असते. आमच्या गाडीच्या चिठ्ठीवर ५०० ग्रॅम होते. मिस्त्रींनी यंत्राच्या साहाय्याने आतला गॅस टाकीत काढून घेतला आणि वजन केले, तर तो ६८० ग्रॅम भरला! दोनदा 'उपचार' केल्यामुळे दुखणे वाढलेच होते. जादा द्रव कंडेन्सरमधील जागा अडवून बसतो आणि वाफ थंड व्हायला जागाच उरत नाही. मग व्हॅक्यूम पंपाने नळ्या निर्वात करून आणि मोजून ५०० ग्रॅम भरून काम पुरे झाले. त्यानंतर भर दुपारी गाडी उभी ठेवून जाळीपाशी तापमापी धरली. पारा १२ अंशांवर स्थिरावला.

दोन फसवी दुखणी

घरी परतताना मिस्त्रींनी सांगितलेली आणखी एक जोडी विचार करण्याजोगी आहे.

एका गाडीत सुरुवातीला चांगला गारवा येतो. तासाभराने हवेचा जोर कमी कमी होत जातो. यंत्र दहा-पंधरा मिनिटे बंद ठेवले की पुन्हा सर्व ठीक. दुसऱ्या गाडीतही सुरुवातीला गारवा येतो आणि नंतर जातो. थोडा वेळ बंद ठेवले की परत येतो. पण तिच्यात हवेचा जोर शेवटपर्यंत तसाच राहतो.

दोन्ही ठिकाणी गुन्हेगार बर्फच आहे. फरक आहे तो बर्फाच्या जागेचा. पहिल्या गाडीत बाष्पकाच्या बाहेरच्या अंगावर हवेतील बाष्प गोठते. बर्फाने जाळीची भोके बुजतात, म्हणून हवाच येत नाही. तापमान बघून कॉम्प्रेसर थांबवणारा भाग बिघडला असावा किंवा हवेची गाळणी तुंबली असावी. दुसऱ्या गाडीत बर्फ नळीच्या आत आहे. गॅस भरताना निर्वात नीट न केल्यामुळे ओलावा आत राहिला आणि तो झडपेच्या बारीक छिद्राशी गोठला. प्रशीतकाची वाट अडली, हवेची नाही. लक्षणांतील एवढ्याशा फरकावरून दोष डॅशबोर्डमागील जाळीच्या अंगावर आहे की बंद नळीच्या पोटात, हे ओळखता येते!

आणखी एक गंमत. यंत्र चालू असताना गाडीखाली टपटप पाणी गळते, त्याने पुष्कळजण घाबरतात. ते हवेतील बाष्पाचे पाणी आहे आणि ते गळणे हे चांगल्या प्रकृतीचे लक्षण आहे. मुंबईच्या दमट हवेत त्याचे थारोळे होते. सोलापूरच्या कोरड्या मे महिन्यात ते कमी दिसते. पण तेच पाणी गाडीच्या आत, पायाशी साचू लागले तर समजावे की ते बाहेर सोडणारी नळी तुंबली आहे.

गळणारा गॅस जातो कोठे?

"कमी झाला की भरा" या सवयीत पैशापेक्षाही मोठी हानी आहे. प्रशीतक इंधनासारखे जळून संपत नाही. ते खरोखरच कमी झाले असेल तर कोठूनतरी गळून हवेत गेले आहे. गळती न शोधता पुन्हा भरणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणे. साबणाच्या पाण्याचा फेस किंवा गळती दाखवणारे रंगद्रव्य वापरून ती जागा शोधता येते. प्रशीतकाबरोबर थोडे तेलही फिरत असते. त्यामुळे सांध्यावर तेलकट डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली तरी संशय घ्यावा.

पूर्वीच्या गाड्यांत आर-१२ हे क्लोरोफ्लुरोकार्बन असे. त्यातील क्लोरीन वरच्या वातावरणातील ओझोनचा नाश करू शकतो, हे मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड यांनी १९७४ मध्ये दाखवले. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनच्या थराला पडलेल्या भगदाडाची बातमी आली आणि १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला. भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला. पुढे आर-१३४ए आले. त्यात क्लोरीन नाही, म्हणून ओझोनला धोका नाही. पण पृथ्वीचे तापमान वाढवण्यात ते शंभर वर्षांच्या हिशेबात वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट प्रभावी आहे. म्हणून २०१६ च्या किगाली दुरुस्तीनुसार अशा वायूंचा वापरही टप्प्याटप्प्याने कमी करायचा आहे.

एक हिशेब करू. ५०० ग्रॅम प्रशीतक हवेत सोडले तर ते ७०० किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचे होते. एक लिटर पेट्रोल जळून सुमारे २.३ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. म्हणजे हे झाले ३०० लिटर पेट्रोल. लिटरला १५ किलोमीटर धरले तर ४५०० किलोमीटरांचा प्रवास. सोलापूरहून मुंबईला अकरा वेळा जावे, तेवढे! म्हणूनच जुना गॅस हवेत न सोडता टाकीत काढून घेणारा मिस्त्री आपल्या सर्वांचेच काम करीत असतो.

सावधगिरी

हे सारे वाचून कोणी घरच्या गाडीच्या नळ्या सोडवू नयेत. बाहेर उडालेले द्रव प्रशीतक कातडी आणि डोळे गोठवून इजा करते. फिरता पट्टा आणि पंखा यांजवळ हात नेऊ नये. बंद जागेत इंजिन चालू ठेवून गाडीत बसू नये, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक असतो. आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत लहान मुलास, वृद्धास किंवा प्राण्यास "दोनच मिनिटे" म्हणूनही ठेवू नये. अर्ध्या तासात आतले तापमान बाहेरच्यापेक्षा १५ ते २० अंशांनी चढू शकते.

तुम्ही करण्याजोगे काम वेगळे आहे. तुम्ही पाहू शकता, ऐकू शकता आणि नोंदी ठेवू शकता. हवा कधी गरम होते, गाडी उभी असताना की पळताना, जोर कमी होतो का, पुढचा पंखा फिरतो का, गाडीखाली पाणी गळते का, त्या दिवशी बाहेर तापमान किती होते. अशी चार ओळींची वही मिस्त्रींच्या हाती दिली तर अर्धा तपास झालाच म्हणून समजा.

पुढच्या रविवारी शेजाऱ्यांनी आजींना पुन्हा बाहेर नेले. सात रस्त्याला सिग्नल लागला. नातू कान देऊन ऐकत होता. पुढचा पंखा सुरू झाल्याचा आवाज येताच तो म्हणाला, "आजी, आता काळजी नाही."

विचार करा

१. कंडेन्सरचा पंखा बंद असलेल्या गाडीचा दोष डिसेंबरमध्ये लक्षात न येता मे महिन्यातच का येतो?

२. गाडी उभी असताना इंजिनाचा वेग वाढवल्यावर गारवा वाढला, तर तुमचा संशय कोणावर जाईल? दाबमापकाचे काटे कोठे असतील?

३. यंत्र चालू आहे, हवा गार आहे, पण फारच कमी येते. पहिल्या मिनिटापासून हीच स्थिती आहे. हा दोष बाष्पकावर साचलेल्या बर्फाचा असू शकेल का? कारण सांगा.

४. घरातील फ्रिजच्या बाहेरची कोणती बाजू गरम लागते ते हाताने पाहा. फ्रिज भिंतीला अगदी चिकटवून का ठेवू नये, हे या लेखाच्या आधारे लिहा.

५. मिस्त्रींनी रिलेची अदलाबदल केली नसती आणि थेट नवा रिले बसवला असता, तरी पंखा फिरला असता. मग अदलाबदलीने अधिक काय सिद्ध झाले?